ओढ्याच्या पल्याड

ओढ्याच्या अल्याड एक जिल्हा, पल्याड दुसरा. मधलं पाणी केवढं, तर हरणानं न भिजता उडी मारावी एवढं. पण ते ओलांडलं आणि यशोधनचं व्हिसाचं ऑफिस बदललं, कचऱ्याच्या डब्यांचे रंग बदलले, कार्ल्सरूहे शहरातल्या नोकरीला एका ट्रेनच्या जागी दोन ट्रेन आल्या. घरही आधीच्यापेक्षा लहान, आणि भाडं जास्त.

"अगं, पूल ओलांडला की पल्याडच. रोज चालत जात जा ना," त्यानं म्हणून बघितलं होतं.

"मला खिडकीतून दिसायला हवं," विभावरी एवढंच म्हणाली आणि कपबशा कागदात गुंडाळत राहिली.

आज नवा पत्ता नोंदवायला दोघं राटहाउसमध्ये, म्हणजे गावाच्या कचेरीत, बसली होती. टेबलामागच्या बाईंनी कौतुकानं जर्मनमध्ये विचारलं, "तिकडची माणसं सहसा इकडे येत नाहीत. तुम्ही कशी काय आलात?"

"मुलीसाठी," विभावरी म्हणाली.

"गेनाऊ, अगदी बरोबर! आमच्या गावची शाळा आहेच तशी. कितवीत घालायचंय?"

यशोधननं मान खाली घातली. विभावरीनं पिशवीतून लाल भिरभिरं काढून मांडीवर घेतलं, त्याची दुमडलेली पाकळी हळूच बोटानं सरळ केली.

"शाळेत नाही जायची ती," ती म्हणाली. "चर्चमागच्या दफनभूमीचं फाटक सकाळी किती वाजता उघडतं, तेवढं सांगाल?"