मेन स्विच

मालवणचा समुद्र अखेर निवला, आणि घरोघरी सांभाळायला दिलेली प्रवाळं परत न्यायला सांगलीत सरकारी गाडी आली. सोळा वर्षांपूर्वी समुद्र तापला, तेव्हा अश्विनीताई घाटग्यांकडे मूठभर जिवंत प्रवाळ आलं होतं. काचेच्या टाकीत वाढत ते परातीएवढं, छान बदामी झालं होतं.

आज ते पांढरंफटक होतं.

"निघायच्या वेळी कसं उजळलंय बघा!" शेजारच्या मगदूम वहिनी म्हणाल्या. पाठवणीला सगळी गल्ली जमली होती.

अश्विनीताईंना मान वर करवेना. गेल्या आठवड्यात, सोळा वर्षांत पहिल्यांदाच घराला कुलूप लावून पुतण्याच्या लग्नाला जाताना त्यांनी गॅस बंद केला, नळ तपासले आणि जुन्या सवयीने मेन स्विचही खाली ओढला. चार दिवस टाकीतला पंप बंद राहिला. परतल्यावर त्यांनी घाण पाणी गुपचूप बदललं आणि कुणाला अवाक्षर सांगितलं नाही.

गाडीतून आलेल्या डॉक्टर नेत्रा वारंग टाकीवर वाकल्या. त्यांना लगेच कळलं.

"मावशी, कधी गेलं?" त्यांनी हळूच विचारलं.

"रविवारी. मीच मेन स्विच बंद केला."

तो मेलेला सांगाडा नेत्रांनी जिवंत असल्यासारखा अलगद पाण्याच्या पेटीत ठेवला. गल्लीने टाळ्या वाजवल्या.

मगदूम वहिनी ओटी भरायला पुढे झाल्या. "पोटच्या पोरासारखं जपलंत हो!"

अश्विनीताईंनी पदर पसरला. त्यात पडलेला नारळ त्यांना पेलवेना.