वहिनींची टिकली

जिन्यात गोळ्यांचे आवाज वाढले, तशी शेजारच्या नलूवहिनींनी मला ओढून आपल्या खोलीत घेतलं. आमच्या परळच्या चाळीत ज्यूंचं घर एकच, माझं. बंदूकवाले तेच शोधत होते. आमच्यात टिकली लावत नाहीत. बाकी गाऊनवरची ओढणी, मंगळसूत्र, भाषा, सगळं वहिनींसारखंच. आंघोळीनंतर टिकली लावल्याशिवाय चहाही न घेणाऱ्या वहिनींनी स्वतःच्या कपाळावरची काढून माझ्या कपाळावर दाबली. “तू माझी जाऊ. गप्प राहायचं. कळलं?” दुसरी टिकली शोधायला त्या आरशाकडे वळल्या, तेवढ्यात दाराची कडी तुटली. “यहूदी कौन है?” बंदूकवाल्याने विचारलं. मी तोंड उघडणार तोच वहिनींनी माझं मनगट घट्ट आवळलं. त्याची नजर माझ्या टिकलीवरून वहिनींकडे सरकली. वहिनींचा हात सवयीने आपल्या मोकळ्या कपाळाकडे गेला, अर्ध्यावर थांबला, खाली आला. त्या मोडक्यातोडक्या हिंदीत म्हणाल्या, “मैं है.”