मधल्या सुट्टीची घंटा

साहेब, या शाळेला वेळेची किंमत नाही, हा ठपका तुम्ही ठेवलात. शाळेची पायरी एकदाही न चढता ठेवलात. मुख्याध्यापिका कल्पिताबाईंना टेबलासमोर उभं केलंत, त्या काही सांगायला गेल्या तर "कारणं नकोत" म्हणालात. वर बजावलंत, मधल्या सुट्टीची घंटा पुन्हा उशिरा झाली तर मुख्याध्यापकाची खुर्ची गेली म्हणून समजा.

मग तुम्ही यंत्र पाठवलंत.

ते बसवायला वागळे इस्टेटमधल्या कंपनीतून प्रफुल्ल आला. दिवा गावातल्या त्या शाळेत तो शिडीवर चढून व्हरांड्याला स्पीकर लावत होता आणि शाळेची शिपाई हौसाबाई खाली शिडी धरून उभी होती.

"मावशी, उद्यापासून तुम्हाला आराम. वर्गावर्गात घड्याळ, वर्गावर्गात स्पीकर, सगळं नेटवर्कवर. वेळ वरून येणार, घंटा आपोआप वाजणार."

"वरनं म्हंजी देवाकडनं?"

"साहेबांच्या ऑफिसातून."

"मंग त्येच की." हौसाबाई हसली. मग म्हणाली, "आन् मला वाटलं वाईच थांबावं, तर थांबती का रं ही?"

"थांबत नाही म्हणून तर बसवतोय. तुम्ही घंटा द्यायला विसरता ना!"

असं तोंडावर बोलल्यावर दुसरी कुणी असती तर शिडी हलवली असती. हौसाबाई फक्त म्हणाली, "इसरती बाबा. वय झालं."

प्रफुल्लला तिची मोठी गंमत वाटली. शाळा भरल्याची घंटा तिने सकाळी अगदी काट्यावर दिली होती. तासांच्याही चोख दिल्या. आणि दुपार झाली तशी हातोडी मांडीवर घेऊन पायरीवर बसली ती बसलीच. समोर भिंतीवर घड्याळ होतं, पण बाई बघत होती रस्त्याकडे.

आत भावनाबाई पोरांकडून गाणं म्हणून घेत होत्या. संपलं की, "अजून एकदा! आता टाळ्या वाजवून!" पुन्हा संपलं की, "आता मुलींचा आवाज मोठा की मुलांचा, बघू!" शेजारच्या वर्गालाही चेव आला. छप्पर उडेल असा गोंधळ, पण सुरात.

प्रफुल्लने मोबाइल बघितला. सुट्टीची वेळ कधीच टळली होती. तो ऑफिसच्या दारात गेला.

"मॅडम, घंटा राहिली का?"

"होईल हो," कल्पिताबाई वहीतून मान वर न करता म्हणाल्या. "गाणं ऐका. आमची पोरं गोड गातात."

"तुमची खुर्ची जाईल मॅडम. मी साहेबांच्या ऑफिसात ऐकून आलेलो."

"मग उभ्याने शिकवू."

तो मागच्या बाजूला वायर ओढायला गेला. बऱ्याच वेळाने तिकडे घंटा ऐकू आली आणि पाठोपाठ पोरांचा कल्ला. असली निवांत शाळा आपल्याला मिळाली असती तर, असं त्याच्या मनात आलं. आणि साहेब, तुमचं काही चुकत नाही, असंही आलं.

दुसऱ्या दिवशी उद्घाटन. तुम्ही तुमच्या खोलीतून एक बटण दाबणार आणि सगळ्या शाळांत एका क्षणी मधल्या सुट्टीची घंटा होणार, असा बेत होता. हौसाबाईने व्हरांड्यातल्या नव्या घड्याळाला हळदकुंकू लावलं, झेंडूचा हार घातला. नारळ फोडताना पाणी प्रफुल्लच्या शर्टावर उडालं तेव्हा सगळ्या बाया खो खो हसल्या.

"पावला तुला देव," भावनाबाई म्हणाल्या.

कल्पिताबाई ठेवणीतली साडी नेसून आल्या होत्या. चेहऱ्यावर काळजी म्हणून नाही.

"बघा मॅडम, आता खुर्ची पक्की," प्रफुल्ल म्हणाला.

"हो ना. आता माझ्या हातात काही उरलंच नाही."

भावनाबाईंचं गाणं अर्ध्यावर होतं आणि घंटा झाली. यंत्र चांगलं होतं साहेब, मान्य केलं पाहिजे. आवाज असा स्वच्छ की कोपऱ्यातल्या पोरानेही दचकून वर बघितलं. गाणं तिथेच तुटलं. पोरं बाहेर धावली, नळावर ढकलाढकली झाली, हात धुऊन झाले. श्रिया नावाची दुसरीतली मुलगी सगळ्यांच्या पुढे जागा मिळाली म्हणून उड्या मारत होती. बघता बघता पोरं व्हरांड्यात ओळीने मांडी घालून बसली.

प्रफुल्ल खूश झाला. एक सेकंद इकडे नाही की तिकडे नाही.

मग स्पीकरमधून तुमचा आवाज आला. तुम्ही सगळ्या शाळांचं अभिनंदन केलंत. शिस्तीवर बोललात. वेळ म्हणजे काय ते सांगितलंत. आणि जाता जाता तुम्हाला थट्टा सुचली.

"दिव्याच्या कल्पिताबाई आहेत का लाइनवर? या, बोला. सगळ्या शाळा ऐकतायत. सांगा त्यांना, झाली ना आज तुमची घंटा वेळेवर?"

प्रफुल्लने हसत यंत्राला जोडलेला माइक त्यांच्या हातात दिला. कल्पिताबाईंनी एकदा पोरांच्या ओळीकडे बघितलं, एकदा फाटकाकडे.

"झाली साहेब, अगदी वेळेवर झाली. पोरं रिकाम्या ताटल्या पुढे घेऊन बसलीत. बऱ्याच जणांच्या पोटात सकाळपासून नुसता चहा आहे. आता सगळ्या शाळा ऐकतायत तोवर सांगा, ज्याच्यासाठी आम्ही रोज घंटा धरून ठेवत होतो, तो तुमचा खिचडीचा टेम्पो कुठाय?"