नोव्हायमधलं सत्तांतर
इथे अमेरिकेतल्या नोव्हाय गावात आमच्या शेजारी राहणारे ऐंशी वर्षांचे आजोबा पूर्व युरोपातल्या त्यांच्या देशाचे कम्युनिस्ट राजवट गेल्यानंतरचे पहिले पंतप्रधान होते. आमच्या मराठी मंडळात मात्र दिगंबरकाका अकरा वर्षं बिनविरोध अध्यक्ष! वार्षिक सभेत लोकशाहीवर चार शब्द ऐकून कुणीतरी पेटून उठेल, निवडणुकीला उभं राहील, या आशेने मी आजोबांना पाहुणे म्हणून नेलं. पण भाषणाआधीच काका उठले. गणपतीचं मखर आणि मोठी पातेली ज्यात असतात त्या स्टोरेजची किल्ली त्यांनी टेबलावर ठेवली. "माझं गुडघ्याचं ऑपरेशन आहे. आता तरी कुणीतरी अध्यक्ष व्हा रे, नाहीतर मंडळ बंद करू." भराभर सगळ्यांच्या माना खाली गेल्या. कुणी फोन बघू लागलं, कुणी स्वतःचे बूट. काय चाललंय ते मी आजोबांना सांगितलं, तर ते कुजबुजले, "आमच्याकडे अगदी असंच झालं होतं." "म्हणजे, क्रांतीच्या वेळी?" मी विचारलं. "कसली क्रांती! पक्षाच्या म्हाताऱ्या सरचिटणीसाने ऑफिसच्या किल्ल्या टेबलावर ठेवल्या आणि विचारलं, कोण घेतंय? सगळे खाली बघायला लागले. वर बघणारा मी एकटाच." "तुम्ही का नाही खाली बघितलंत?" "शेजारी बसलेला माणूस मला गोष्ट सांगत होता, ती ऐकत होतो." मला हसू आलं, तेवढ्यात टाळ्यांचा कडकडाट झाला. सगळे माझ्याकडे बघत होते. काका किल्ली घेऊन लंगडत माझ्याच दिशेने निघाले होते. "बिनविरोध!" मागून कुणीतरी ओरडलं.