नकाशात नसलेली लाइन

"स्टेशनच्या पाण्याच्या टाकीवर गंज कमी पडलाय," कप्लिंगनं लिहून कळवलं. "गळती असते तिथं ओघळ हवेत."

पेंटर हसला. हा माणूस डोळ्यांत तेल घालून बघायचा. त्यानं स्क्रीनवरच्या टाकीला तांबूस ओघळ काढले, खाली थोडं शेवाळ लावलं.

जन्मभर दुकानांच्या पाट्या रंगवून झाल्यावर पेंटर आता कॉम्प्युटरवरच्या रेल्वेच्या खेळासाठी डोंगर, झाडं, स्टेशनं बनवायचा. गाड्या कप्लिंगच्या. डबे जोडणाऱ्या कडीचं हे नाव, खेळाच्या साइटवर त्याचं टोपणनाव. खरं नाव पेंटरनं कधी विचारलं नाही, आपलंही सांगितलं नाही. पण दोघांचं गूळपीठ असं, की कुठल्याच नकाशात नसलेली अख्खी लाइन त्यांनी उभी केली होती.

"परक्याशी एवढ्या गप्पा," बायको मागे येऊन म्हणाली, "आणि पलीकडच्या सख्ख्या धाकट्या भावाशी अबोला!"

"त्याचं नाव काढू नकोस."

आईच्या माघारी घराची वाटणी झाली आणि मधे भिंत आली. पेंटरचं टेबल त्याच भिंतीला टेकून होतं.

तेवढ्यात निरोप आला. "हे माझं शेवटचं इंजिन. लेकीकडे राहायला चाललोय, कायमचा. तिथं नातवंडांतून हे जमायचं नाही."

पेंटरनं निरोप पुन्हा एकदा वाचला. मनातलं बोलायला त्याला एवढा एकच माणूस होता. हा गेला की आपण एकटे पडणार, हे त्याला लख्ख कळलं.

"निघण्याआधी एकदा भेटा हो," त्यानं लिहिलं.

"भेटायचंय. पण आधी एकाशी जुनं भांडण मिटवायचंय. रोज त्याच्या दारापर्यंत जातो नि परत फिरतो. हाकललं तर?"

पेंटरची बोटं भराभर चालली. "नाही हाकलणार. तोही वाटच बघत असेल. माणूस दारात आल्यावर राग कुठला टिकतोय!"

बायकोनं वाचलं. "लोकां सांगे ब्रह्मज्ञान!"

"गप गं," तो म्हणाला, पण त्याचे डोळे भरून आले होते.

"मग जातोच आत्ता," कप्लिंगनं लिहिलं. "आधी नव्या इंजिनाची शिट्टी एकदा मोठ्यानं वाजवतो. तेवढाच धीर येईल."

पेंटर उत्तर लिहिणार, तोच शिट्टी वाजली. लांबलचक, घोगरी, भिंतीपलीकडून.