अर्धी वेल

प्रदर्शनाचं दार उघडायला तास उरला होता आणि तिथं मांडायच्या माझ्या झग्याच्या बाहीवरची वेल अजून अर्धीच होती. आराखडा माझा, भरतकाम आई-आत्याचं. आमच्या घरच्या रीतीनं आई चौकटीवर ताणलेल्या कापडात वरून सुई टोचते, आत्या चौकटीखालून ती परतवते. एरवी दोघी गातात, त्यामुळे ताल चुकत नाही. आज मात्र रंगावरून नणंद-भावजयीचा अबोला. “तुझ्या आत्याला सांग, झोप घरी काढा म्हणावं.” “तुझ्या आईला सांग, माझं बोट म्हणजे कापड नव्हे!” मी रडकुंडीला आले. शेजारच्या भिंतीवर आपली चित्रं टांगणारा माझा नवरा घाबरून देवाचं गाणं म्हणू लागला, तेही बेसूर. आत्याला राहवेना. तिनं खालून सूर धरला, आईनं वरून उचलला. सुई नाचू लागली. वेल पुरी होतानाच पाहुणे आले. मी उठवायला गेले, तर दोघी एकदम ओरडल्या, “थांब गं, कडवं संपू दे!”