लुब्वामाच्या पोटात काही राहत नाही

जुळ्यांची आई म्हणून कंपाला शहरातली अख्खी काटवे वस्ती तिला नालोंगो म्हणे. तिच्या पत्र्याच्या सिनेमाघरात लुब्वामा परदेशी सिनेमाच्या दोन्ही सीडी आधी पाहून ठेवायचा आणि मग खेळ चालू असताना माइकवरून लुगांडा भाषेत रंगवून सांगायचा. पण खुनी पडद्यावर आला रे आला, की "हाच तो!" त्याच्या तोंडून निसटायचंच. निम्मी बाकं रस्त्यापलीकडच्या सिनेमाघरात निघून गेली होती.

"आज निसटलं, तर माइक ठेव आणि माझ्याबरोबर मटोकेची केळी सोलायला बस," नालोंगोनं सुनावलं.

"ठाऊक असलेलं लपवायचं म्हणजे जिवावर येतं हो, नालोंगो."

"तुझं तोंड म्हणजे बिनदाराचं घर. चल, सुरू कर."

त्या संध्याकाळी लुब्वामानं आधी नोकरावर संशय घेतला, मग डॉक्टरवर, मग विधवेला शिव्या घातल्या. लोक त्याच्याशी भांडू लागले. शेवटी गरीब गायीसारख्या पाद्र्यानं झग्यातून सुरा काढला आणि सगळी बाकं उभी राहिली. सर्वांत मोठी किंकाळी माइकमधून आली.

लोक पुढच्या शनिवारची जागा धरूनच घरी गेले. लुब्वामा घाम पुसत आला.

"मला वेड लागायची पाळी आली होती. शेवट मी पाहिलाच नव्हता! दुसरी सीडी खराब निघाली, आयत्या वेळी बदलून आणली, असं म्हणालात ना तुम्ही?"

"पुढच्या शनिवारचीही दुसरी खराब निघालीय," नालोंगो म्हणाली आणि एकही ओरखडा नसलेली ती नवी करकरीत सीडी तिनं कमरपट्ट्यात खोचली.